लास पाल्मासच्या किनाऱ्यासमोर नांगर: अटलांटिकआधीच्या प्रकल्प नोंदी

बोट: ३६ फुटी, फायबरग्लासची, पाण्याखालची खोली १.८ मीटर. माणसं दोन: मी आणि माझा आतेभाऊ. तो मोठा, म्हणून दादा. रत्नागिरीचा, मर्चंट नेव्हीत बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम होता. जागा: कॅनरी बेटांतलं ग्रान कानारिया, लास पाल्मास शहर, आल्काराबानेरासचा किनारा. पुढचा टप्पा: बार्बाडोस, साधारण २,७०० सागरी मैल.

युरोपात जुनी बोट घेऊन अटलांटिक ओलांडायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी या नोंदी. शिडं, हवामान, खाणं यांवर वाचायला पुष्कळ मिळतं. निघण्याआधी बोट जिथे आठवडेच्या आठवडे उभी राहते, तिथलं काम मात्र क्वचितच कोणी लिहितं. नांगरावर विश्वास नसेल तर बोट सोडून किनाऱ्यावर जाता येत नाही, आणि किनाऱ्यावर गेल्याशिवाय तयारी होत नाही. म्हणून आमच्या यादीत पहिलं काम नांगराचं होतं.

१९ ऑक्टोबर

सकाळी बंदरात शिरलो. मरिनात, म्हणजे लहान बोटींच्या भाड्याच्या धक्क्यांवर, जागा नाही, आणि ती मिळणारही नव्हती. १९८६ पासून दर नोव्हेंबरात एआरसी नावाचा शिडाच्या बोटींचा ताफा इथून कॅरिबियनला निघतो. हल्ली तो सेंट लुशियाला जातो. ताफ्यातल्या बोटींसाठी मरिना ऑक्टोबरपासूनच रिकामी करायला घेतात. ताफ्यात नाव नसलेल्यांनी नांगरावर राहायचं. हे आधी ठाऊक होतं, म्हणून मरिनाच्या भरवशावर आलो नव्हतो.

नांगराची जागा मरिनाच्या उत्तरेला, शहराच्या किनाऱ्यासमोर. मध्ये नौकानयन क्लब, त्याच्या पलीकडे पिवळी वाळू. मागे उंच इमारती आणि आव्हेनिदा मारितिमाचा रस्ता. रहदारीचा आवाज रात्रभर. उत्तरेला पुएर्तो दे ला लुस, १८८३ पासून बांधत आणलेलं मोठं बंदर. मासेमारीची जहाजं, कंटेनर, तेलविहिरी खोदणारी अजस्र जहाजं, सगळं समोर दिसतं. दादा नोकरीत असताना बंकर (जहाजाचं इंधन) घ्यायला इथे येऊन गेला होता, पण जहाजाच्या डेकवरून. हा किनारा त्याने तेव्हा फक्त लांबून पाहिला होता.

बंदराची लांब भिंत ईशान्येचा वारा आणि समुद्र दोन्ही अडवते. कॅनरीत बहुतेक दिवस वारा तिकडूनच, म्हणून जागा शांत. दक्षिण आणि आग्नेय बाजूने मात्र आडोसा कमी.

पोहणाऱ्यांसाठी पिवळे बोये लावलेले आहेत, त्यांच्या आत जायचं नाही. स्पेनमध्ये बोये नसलेल्या किनाऱ्यापासूनही २०० मीटर लांब राहावं लागतं. दुपारी क्लबची मुलं लहान शिडाच्या होड्या घेऊन नांगरलेल्या बोटींमधून सराव करतात, त्यांची वाटही मोकळी ठेवायची.

आज नुसती एक चक्कर मारली, प्रत्येक बोटीची साखळी कुठल्या दिशेला जाते ते पाहिलं आणि कडेला तात्पुरता नांगर टाकला. रात्री आळीपाळीने जागलो.

२० ऑक्टोबर

इथे नांगरायला बंदर प्राधिकरणाची परवानगी लागते. बोटीची नोंदणी, विमा, पासपोर्ट, कधीपासून कधीपर्यंत राहणार त्या तारखा. शुल्क किरकोळ, मरिनाच्या भाड्यापुढे काहीच नाही, पण कागद हातात पडेपर्यंत अर्धा दिवस गेला. विम्याच्या कागदावर तिसऱ्या पक्षाच्या नुकसानीचा उल्लेख ठळक असू द्या. तोच आधी पाहतात.

दुपारी खरं नांगरणं. ओहोटीला खोली ६ मीटर. उधाणाला पाणी अडीच मीटरपर्यंत चढतं. पाण्यापासून नाळेची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाची, उंची १.३ मीटर. म्हणजे हिशेबाला दहा मीटर धरायचे. पाचपट साखळी म्हणजे ५० मीटर, आणि आमच्याकडे १० मिलिमीटरची गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेली) साखळी बरोबर तेवढीच. जोराच्या वाऱ्याला सातपट हवी, ती नाही. नोंद करून ठेवली.

नांगर बोटीबरोबर आलेला, फाळाच्या आकाराचा, सांध्याचा, जुना. टाकला, बोट मागे जाऊ दिली, साखळी ताणली, इंजिन हळूहळू मागे वाढवलं. इंजिनाच्या मिनिटाला १,२०० फेऱ्यांना धरून होता. १,६०० ला किनाऱ्यावरच्या खुणा सरकायला लागल्या. खुणा म्हणजे किनाऱ्यावरचा दिव्याचा खांब आणि त्यामागच्या इमारतीचा कोपरा, एका रेषेत धरलेले. फोनमधला अलार्म मग वाजला. खुणा त्याच्या आधी सांगतात.

नांगर वर घेतला तर टोकावर पोत्याचं कापड गुंडाळलेलं, त्यात राखाडी चिखल. जागा बदलली. पुन्हा तेच, या वेळी प्लास्टिकची दोरी. मग दादाने जुनी रीत काढली. मासेमारीचं दीडेक किलोचं शिसं, खालच्या बाजूला खळगा. खळग्यात अंग धुण्याचा साबण दाबून बसवायचा, शिसं दोरीने तळावर आपटायचं आणि वर काढून साबणाला काय चिकटलंय ते बघायचं. डिंगीतून (बोटीबरोबरच्या लहान होडीतून) फिरत आम्ही जागोजागी शिसं टाकलं. किनाऱ्याच्या बाजूला पिवळट बारीक वाळू, वर पातळ चिखल. बंदराकडे सरकलं की काळा मऊ चिखल, डिझेलचा वास. एके ठिकाणी साबणावर नुसता खरचटल्याचा पांढरा ओरखडा आला, बाकी काही नाही. तिथे खाली दगड किंवा लोखंड. खोली मोजणाऱ्या इको साउंडरवर या तिन्ही ठिकाणचा आकडा सारखाच होता.

वाळू अधिक चिखल होता तिथे नांगर टाकला. २,००० फेऱ्यांना धरला. दादाने साखळीवर हात ठेवला आणि मलाही ठेवायला लावला. "बघ बाय, गप्प आहे की नाही?" धरलेली साखळी ताठ आणि गप्प असते. मघाशी घसरताना तीच खडीच्या रस्त्यावरून जाणाऱ्या बैलगाडीसारखी हाताला थरथरत होती. हा फरक एकदा हाताला कळला की रात्री झोपेतून उठून सर्वांत आधी साखळीवर हात ठेवावासा वाटतो.

दिवसा नाळेवर काळा गोळा टांगायचा, रात्री सगळीकडून दिसणारा पांढरा दिवा. इथे मोठ्या जहाजांना वाटाडे पोहोचवणाऱ्या पायलट बोटी रात्रंदिवस फिरतात. डोलकाठीच्या टोकावरचा दिवा शहराच्या उजेडात हरवतो, म्हणून दुसरा एक कंदील डेकपासून दोन मीटरवर टांगला.

२४ ऑक्टोबर

नांगराच्या सामानाची पूर्ण तपासणी. साखळी डेकवर पसरली. पहिल्या आठेक मीटरमध्ये जस्त उडालेलं, कड्यांच्या सांध्यात गंज. कॅलिपर लावला: १० मिलिमीटरच्या जागी काही कड्या ८.७. एवढी झीज असली की ते तुकडे ठेवायचे नाहीत. तेवढी साखळी कापून टाकली आणि दुसरं टोक नांगराला लावलं.

नांगर आणि साखळी यांच्यामधली स्टेनलेस स्टीलची फिरकी काढूनच टाकली. दिसायला चकचकीत, पण बाजूने ओढ बसली की तिचे कान वाकतात, आणि आमच्या फिरकीच्या एका कानाला केसासारखी चीर होती. भिंगाशिवाय दिसली नसती. त्या जागी साधी गॅल्व्हनाइज्ड शॅकल (पिनने बंद होणारी जोडकडी), साखळीपेक्षा एक माप मोठी, पिनला तार गुंडाळून. बोट फिरते तशी साखळी पिळते हे खरं, पण नांगर वर घेताना ती पीळ सोडते.

खर्च: शॅकल दोन (एक सुटी), १९ युरो. साखळीला जोडायला १६ मिलिमीटरचा तीन पेडी नायलॉन, ४० मीटर, १३० युरो. साखळी-दोरीचा सांधा दादाने विणला. विंडलासच्या (साखळी वर ओढणाऱ्या विजेच्या यंत्राच्या) चाकावरून तो सुरळीत जातो की नाही ते डेकवरच पाहून घ्या. आमचा पहिला सांधा जाड होऊन अडकला, पेड कमी करत पुन्हा विणावा लागला. सगळी दुपार त्यात गेली.

२८ ऑक्टोबर

नवा नांगर घेतला. २० किलो, वर गोल कडी असलेला, टोक जड, चिखलात उलटा पडला तरी स्वतःहून सरळ होणारा. ४९० युरो. एवढे पैसे द्यावेत की नाही यावर आमची बरीच चर्चा झाली. माझं म्हणणं असं: इथे गर्दी आहे, सातपट साखळी सोडायला जागा नाही. शेजारची बोट आणि आपली बोट एकाच वर्तुळात फिरतात. दोन नांगर टाकले तर आपण एका जागी अडकतो, बाकीचे फिरतात, आणि टक्कर होते. तेव्हा लांबी वाढवता येत नसेल तर कमी लांबीत धरणारा नांगर हवा. दादाला पटलं.

नवा नांगर रोलरवर, म्हणजे नाळेवरच्या ज्या चाकावरून साखळी आणि नांगर वर येतात त्यावर, बसेना. गोल कडी नाळेच्या रेलिंगला लागत होती. विकत घेण्याआधी पुठ्ठ्याचा साचा कापून पाहा, दुकानदार मापं देतो. आम्ही मापं घेतली होती ती नांगराच्या दांड्याची. रोलरच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या ६ सेंटिमीटरने पुढे वाढवून घेतल्या. वेल्डिंगवाल्याने ११० युरो घेतले आणि चार दिवस लावले. ते चार दिवस जुन्याच नांगरावर.

रविवारी घड्याळं एक तास मागे गेली. भरती-ओहोटीचं कोष्टक कुठल्या वेळेत छापलंय ते तपासा. आमचं यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) आहे, आणि हिवाळ्यात कॅनरीची वेळ तीच, म्हणून आता बेरीज-वजाबाकी नाही.

१ नोव्हेंबर

आज लक्ष्मीपूजन. अमावस्या, म्हणजे उधाण. आणि स्पेनमध्ये सर्व संतांच्या दिवसाची सुट्टी, दुकानं बंद. संध्याकाळी चार्ट टेबलावर पूजा केली, बोटीची कागदपत्रं आणि जुनं सेक्स्टंट पुढे ठेवून. पणत्या पेटवल्या नाहीत. बोटीत उघडी ज्योत फक्त शेगडीला. बॅटरीच्या पणत्या लावल्या.

उधाणामुळे डिंगीची अडचण नीट कळली. वाळूवर डिंगी ओढून ठेवली की ओहोटीत पाणी लांब जातं आणि इंजिनासकट ५० किलो ओढत न्यावं लागतं. किनाऱ्यावर उतरण्यापेक्षा मरिनातल्या डिंगीच्या धक्क्यावर जावं. तिथे गर्दी असते, म्हणून बांधायची दोरी लांब सोडावी, म्हणजे इतरांना आत शिरता येतं. कुलूप तारेच्या दोरीला लावावं, आणि इंजिनालाही.

पाणी: २० लिटरचे कॅन मरिनाच्या पेट्रोल धक्क्यावरून भरून आणतो. समुद्राच्या पाण्याचं गोडं पाणी करणारं यंत्र आहे, पण इथे चालवत नाही. पाण्यावर तेलाचा तवंग असतो, आणि तेल यंत्रातल्या गाळणीच्या पडद्यावर गेलं की पडदा बाद. बोटीवर पाणी टेकतं त्या रेषेवर काळी पट्टी जमली आहे ती त्याच तेलाची. भांड्यांच्या साबणाने निघते, सुकू दिली की थरावर थर चढतो.

६ नोव्हेंबर

कालची रात्र सविस्तर लिहिते, कारण पुढचं सगळं काम त्या रात्रीने ठरवलं.

अंदाजात आग्नेयेचा वारा होता, वीस नॉटपर्यंत (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल). संध्याकाळी बाहेरून लांब लाट यायला लागली. सगळ्या बोटींनी तोंड फिरवलं आणि किनारा आमच्या पाठीमागे आला. तेव्हाच आम्ही डिंगी वर घेतली, इंजिन तपासलं, चाकू आणि डोक्याचे दिवे कॉकपिटमध्ये (सुकाणूजवळच्या उघड्या जागेत) आणले, धक्का सोसणारे फेंडर दोन्ही बाजूंना बांधले. दोरीसकट ६५ मीटर सोडले. त्याहून जास्त सोडायला मागे जागा नव्हती.

साडेबाराला वारा २८ नॉट. नवा नांगर रोलरवर बसून जेमतेम दिवस झाला होता. धरून होता. लाटेवर नाळ चढायची, साखळी ताठ व्हायची, मग नायलॉनचा ताण घेणारा दोर रबरासारखा लांबायचा आणि झटका गिळायचा. साखळीला हा नायलॉनचा दोर जोडला नसता तर तो झटका थेट विंडलासला बसला असता.

दीडच्या सुमारास पुढची एक बोट सरकायला लागली. आत माणूस नाही, दिवा नाही. आम्ही रेडिओवर सांगितलं, भोंगा वाजवला. ती आडवी होऊन थेट आमच्या नाळेवर येत होती. दादा इंजिन सुरू करून सुकाणूवर, मी नाळेवर. त्याने ओरडून विचारलं, "किती?" मी हाताने दाखवलं, दोन बोटींइतकं अंतर. त्याने सुकाणू उजवीकडे घालून इंजिन पुढे दिलं, बोट साखळीवरच डावी-उजवीकडे सरकते तेवढी सरकली, आणि ती बोट आमच्या डाव्या अंगाला फेंडर घासून मागे गेली. नांगर मात्र तिच्या साखळीसह आमच्या साखळीवरून जाईल ही भीती होती. गेला नाही, कारण तिची साखळी फारच थोडी सोडलेली होती, नांगर तळाला न धरता नुसता लोंबत होता. पलीकडच्या बोटीवरचे दोघे डिंगीतून जाऊन तिच्यावर चढले आणि त्यांनी तिचाच दुसरा नांगर टाकला. किनाऱ्यापासून बऱ्याच अलीकडे ती थांबली.

पहाटे वारा पडला. उजेडात पाहणी केली तेव्हा आमचा नायलॉनचा दोर नाळेच्या कडेला घासून तीनपैकी एक पेड जवळजवळ तुटलेला. आणखी तासाभरात गेला असता. तो कापून टाकला. नव्या दोरावर घासण्याच्या जागी आगीच्या बंबाच्या जुन्या पाइपचा तुकडा चढवून सुतळीने शिवला. साध्या प्लास्टिक पाइपमध्ये दोर तापतो. कापडी पाइप पाणी धरतो आणि थंड ठेवतो. दोन दोर तयार ठेवलेत, म्हणजे एक कापून दुसरा लगेच लावता येईल.

आणि एक. बोट सोडून जाताना किती मीटर साखळी सोडली आहे ते लिहिलेला कागद, फोन नंबरसह, कॉकपिटच्या दारावर लावायचा. काल त्या रिकाम्या बोटीवर चढलेल्यांना काहीच कळत नव्हतं. आजपासून आम्ही लावतो.

११ नोव्हेंबर

विंडलास बंद. बटण दाबलं की टक्क, मोटर फिरत नाही. रिले (बटणामागचा विजेचा स्विच) बदलला, फरक नाही (३५ युरो वाया). मग मीटर लावला. बॅटरीवर १२.५ व्होल्ट, बटण दाबलेलं असताना मोटरवर ८.९. म्हणजे मध्ये कुठेतरी वीज अडते. साखळीच्या कप्प्यात जाडी वायर जिथे मोटरला लागते, तिथल्या लगवरचं (वायरच्या टोकाच्या जोडकडीवरचं) रबर काढलं तर आत हिरवी पूड. खाऱ्या पाण्याने तांबं खाल्लेलं. वायर दहा सेंटिमीटर मागे कापली तेव्हा कुठे चकचकीत तांबं लागलं. कथिल दिलेली नवी लग, हायड्रॉलिक क्रिंपर उसना आणून दाबली, आत गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवली. खर्च १२ युरो. हे काम पहिल्याच दिवशी मीटर लावून करायचं. पार्ट बदलत बसायचं नाही.

विंडलास बंद होता तेव्हा हाताने साखळी ओढून पाहिली. १० मिलिमीटरची साखळी मीटरला साधारण सव्वादोन किलो भरते. सहा मीटर खोलीत जमतं, वीस मीटरमध्ये दोघांनाही जमणार नाही. बार्बाडोसला नांगरताना हे लक्षात ठेवायचं.

१६ नोव्हेंबर

कालिमा. सहाराची धूळ. क्षितिज गायब, सूर्य तांबूस, घशात खरखर. दोऱ्या, पुली, शिडाच्या घड्या सगळीकडे बारीक तांबडी माती. अशा वेळी शीड उघडायचं नाही, पुलीत माती जाऊन घासते. काम थांबवलं, खिडक्यांना ओली फडकी लावली.

१९ नोव्हेंबर

डोलकाठीवर चढले. नांगरावर हे काम सकाळी सात ते नऊच्या मध्येच करावं, वारा आणि बोटींची वर्दळ सुरू होण्याआधी. पायलट बोट गेली की वर दीड मीटरचा झोका बसतो. एका स्प्रेडरच्या (डोलकाठीच्या तारेला बाहेर धरणाऱ्या आडव्या दांड्याच्या) टोकाला स्प्लिट पिन नव्हती. नुसतं टेपच ती तार धरून होतं. एवढ्यासाठीही चढणं वसूल.

प्रोपेलरवर शंख जमले होते, ते पाण्यात उतरून खरवडले. पाणी गढूळ, हातभर पुढचं दिसत नाही. तोंड बंद ठेवून काम, वर आल्यावर लगेच गोड्या पाण्याने अंघोळ.

२२ नोव्हेंबर

किराणा. किनाऱ्यापासून मेसा इ लोपेस रस्त्याने वर चालत गेलं की काये गालिसिया रस्त्यावर मेर्कादो सेंत्राल ही मंडई. भाजी तिथूनच घ्यावी, आणि विक्रेत्याला स्पष्ट सांगावं की कधीही फ्रिजमध्ये न ठेवलेली हवी. एकदा गार झालेली भाजी बोटीत चार दिवसांत सडते. कोबी, बटाटे, कांदे, भोपळा, हिरवे टोमॅटो, लिंबं. अंडीही फ्रिजबाहेरची. केळ्यांचा अख्खा घड घेऊ नका, सगळी केळी एकाच आठवड्यात पिकतात.

लास पाल्मासमध्ये सिंधी व्यापारी कित्येक पिढ्यांपासून आहेत, त्यामुळे शहराच्या सांता कातालिना भागात तूरडाळ, हिंग, हळद, आलं मिळून जातं. भाजणी, मेतकूट, आमसुलं आणि पोहे घरून आणले होते. पोहे आणि मेतकूट-भात हे लाट असताना करायचं खाणं: एक भांडं, दहा मिनिटं.

पुठ्ठ्याचा एकही खोका बोटीवर चढवायचा नाही, त्याच्या घड्यांत झुरळांची अंडी असतात. सगळं डिंगीतच उघडून पिशव्यांत भरलं. पाणी: टाकीत ३०० लिटर, शिवाय कॅनमध्ये ८० लिटर वेगळे, टाकी नासली तर म्हणून. पंचवीस दिवस धरले तर दोघांना पिण्या-रांधण्याला ते पुरून उरतं.

२५ नोव्हेंबर

काल एआरसीचा ताफा गेला. बंदराच्या भिंतीवर बघणाऱ्यांची गर्दी. ताफा गेला की मरिना रिकामी होते, म्हणून शेवटचे तीन दिवस आत जागा मागितली आणि मिळाली. धूळ धुवायला, टाक्या भरायला, शांत झोपायला. शक्य असेल तर तुम्हीही असंच करा.

नांगर वर घेताना विंडलास कण्हायला लागला, नाळ खाली झुकली. नांगराने तळावरची जुनी जड साखळी उचलली होती, गंजलेली, शेवाळाने माखलेली. ओढत राहायचं नाही, विंडलास जळतो. पाण्याच्या वर दिसेपर्यंतच ती उचलली. दादाने डिंगीतून त्या साखळीखालून एक दोर घालून दोन्ही टोकं आमच्या डेकवरच्या क्लीटला (दोर बांधायच्या खुंटीला) बांधली. मग आमचा नांगर मीटरभर खाली सोडला. ओझं दोरावर आलं, नांगर मोकळा झाला, बाजूने वर घेतला. शेवटी दोराचं एक टोक सोडलं आणि ती साखळी परत तळाला गेली. दोर जुना वापरा, तो खराब होतो. हात साखळी आणि बोट यांच्यामध्ये कधीही घालू नका.

२७ नोव्हेंबर

कागद. आमचे दोघांचे भारतीय पासपोर्ट, शेंगेनचे (युरोपच्या सामायिक व्हिसाचे) १८० दिवसांत ९० दिवस. बाहेर पडल्याची नोंद होईपर्यंत दिवस मोजले जातात, आणि बोटीने निघताना ती नोंद आपण होऊन करून घ्यावी लागते. बंदरातल्या पोलिसांच्या परदेशी नागरिकांच्या कक्षात जायचं. पासपोर्ट, बोटीचे कागद, क्रू लिस्टच्या प्रती. नोंद झाली की रेंगाळायचं नाही, म्हणून हवामान पक्कं झाल्यावरच जा. बार्बाडोस निवडण्याचं एक कारण हेच: भारतीय पासपोर्टला तिथे व्हिसा लागत नाही. जवळच्या मार्तिनिकसाठी मात्र फ्रान्सच्या सागरपार प्रदेशांचा वेगळा व्हिसा हवा, आपला शेंगेन तिथे चालत नाही.

शहराच्या वेगेता या जुन्या भागात कोलंबसच्या नावाचं संग्रहालय आहे, तिथे तासभर जाऊन आलो. १४९२ मध्ये त्याच्या पिंता जहाजाचं सुकाणू बिघडलं आणि दुरुस्तीसाठी त्याला याच बेटावर थांबावं लागलं. मग ला गोमेरा, आणि ६ सप्टेंबरला तिथून पश्चिमेला. बोटी बदलल्या तरी ओलांडण्याआधी याच बेटांवर दुरुस्तीला थांबणं काही बदललेलं नाही.

२८ नोव्हेंबर

सकाळी निघालो. विम्याच्या अटीत चक्रीवादळांचा हंगाम ३० नोव्हेंबरला संपतो. पोहोचायला तीन आठवडे लागणार, त्यामुळे हरकत नाही. बेटाच्या पूर्व बाजूने दक्षिणेला. ग्रान कानारियाच्या कडांना वारा बेटांमधून दाबला जाऊन अचानक दहा-पंधरा नॉटने वाढतो, म्हणून गांदोच्या विमानतळाच्या आधीच मोठ्या शिडाला दोन रीफ घेतले, म्हणजे ते दोन टप्पे लहान केलं. मास्पालोमासच्या खाली गेल्यावर वारा एकदम गळाला, तिथे इंजिन.

३० नोव्हेंबर, समुद्रात

नांगराचं शेवटचं काम परवा केलं. लांबच्या प्रवासात नांगर नाळेवर ठेवायचा नाही. लाट त्याच्यावर आपटत राहते आणि तीन आठवड्यांत रोलरचे बोल्ट ढिले होतात. शॅकल सोडली, २० किलोचा नांगर दोघांनी उचलून आत आणला, डोलकाठीच्या बुंध्याशी फळीवर आडवा बांधला. साखळीचं टोक दोरीला बांधून कप्प्यात सोडलं. साखळी आत जाते त्या भोकात फडकं कोंबून वर प्लास्टिसीन थापलं. तरी पहिल्या रात्री कप्प्यात बादलीभर पाणी आलं. प्लास्टिसीन भिजलेल्या लोखंडाला चिकटलं नव्हतं. भोक कापडाने कोरडं करून, स्पिरिटने पुसून पुन्हा थापलं. आज सकाळी कप्पा कोरडा.

नांगराच्या कामाचा एकूण खर्च, रिले धरून, सुमारे ८०० युरो, रोलर आणि नवा दोर त्यात आले. जुना नांगर विकला नाही. तो दुसरा नांगर म्हणून मागच्या कप्प्यात आहे, ५० मीटर दोरासह, पाच मिनिटांत टाकता येईल असा.

शॅकल, तार आणि पक्कड एकाच डब्यात, चार्ट टेबलाच्या डाव्या खणात. बार्बाडोस दिसण्याच्या आदल्या दिवशी, उजेडात, नांगर परत नाळेवर चढवायचा आहे. तिथल्या कार्लाइल बे या उपसागरात स्वच्छ वाळू आहे असं ऐकलंय. तरी तिथेही साबण लावलेलं शिसं आधी.